घर 'स्मार्ट' करताना आजींचा विचार करा

गेल्या मे महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना सकाळीच वॉर्डात आणलं. तोंड कोरडं, नाडी जलद, उभं राहिलं की चक्कर. उन्हात तर त्या गेल्याच नव्हत्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वीज वाचावी म्हणून मुलाने खोलीत सेन्सर बसवला होता. खोली रिकामी झाली की एसी आणि पंखा आपोआप बंद. असे सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतात. आजी गाढ झोपलेल्या, त्यामुळे सेन्सरच्या लेखी खोली रिकामी! खिडक्या बंद, रात्रभर घाम. त्यात वयोमानाने तहान कमी आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. सलाईन लावल्यावर आजी दोन दिवसांत सावरल्या.

मुलाचा हेतू चांगलाच होता. वायफायवर चालणारे प्लग, स्विच योग्य जागी लावले तर बिल कमी होतं. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट खर्च होतं. बंद करायला विसरलं, तर पाणी निवेल तसा तो पुन्हा पुन्हा तापतो. तिथे टायमर हवाच. मात्र प्लग १६ अँपिअरचा घ्या. दहा वॉट खाणारा सेट-टॉप बॉक्स अहोरात्र चालू राहिला, तर महिन्याला सात युनिट जातात. पण प्लग स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून मोबाइलच्या चार्जरला तो लावण्यात अर्थ नाही.

एसी बंद करण्यापेक्षा २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल किंवा फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर ती उपकरणं अशा प्लगवर मुळीच लावू नका. वीज जाऊन आली की काही प्लग बंदच राहतात. ज्येष्ठांच्या हाताशी साधं बटण असू द्या. मोबाइलमधलं ॲप त्यांना अपरात्री सापडत नाही.

आजींच्या मुलाने तो सेन्सर आता बाथरूमच्या वाटेवर लावला आहे. रात्री आजी उठल्या की दिवा लागतो, त्या परतल्या की विझतो. वीज वाचते आणि अंधारात पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीतीही कमी होते.