उत्तरेचा उजेड

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स शहराबाहेर, लोव्ह टेकडीच्या चढावर चित्रकार पॉल सेझानचा स्टुडिओ आहे. 1901 साली त्यानं ही जागा घेतली, मनासारखी इमारत बांधून घेतली आणि 1902 पासून अखेरपर्यंत तिथं काम केलं.

जिना चढून वर गेलं की पाय थबकतात. उत्तरेची जवळजवळ सगळी भिंत काचेची. या बाजूचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, ऊन थेट कॅनव्हासवर येत नाही. बाकीच्या भिंतींना करडा रंग. कोपऱ्यात उंच, अरुंद फट ठेवलेली दिसते. स्नान करणाऱ्या स्त्रियांची त्याची अवाढव्य चित्रं जिन्यावरून उतरली नसती, म्हणून ही सोय.

फळीवर आल्याची बरणी, हिरवट रांजण, प्लास्टरचा क्युपिड आणि तीन कवट्या. इतकंच. प्रेरणेच्या शोधात इथं येणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा सामानावर याचं कसं भागलं? माझ्या मते, भागवलं यातच त्याचं मोठेपण आहे. एमिल बर्नार हा तरुण चित्रकार 1904 साली खालच्या मजल्यावर काम करायचा. गालिच्यावरच्या तीन कवट्यांचं चित्र सेझान तेव्हा रंगवत होता. त्यातला रंग आणि आकार जवळजवळ रोज बदलायचा, असं बर्नारनं लिहून ठेवलंय. खरं तर ते पहिल्या दिवशीच पुरं वाटावं असं होतं! वस्तू त्याच होत्या. त्याचं बघणं संपत नव्हतं.

टेकडीवर आणखी चढून गेलं की सेंट-व्हिक्टोआर डोंगर समोर उभा राहतो. उंची 1011 मीटर, आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला काही विशेष नाही. सेझाननं मात्र तेल आणि जलरंगांत तो पुन्हा पुन्हा रंगवला. लांबून निळसर डोंगर दिसतो. जवळ जाऊन चित्र पाहिलं की हिरव्या, गेरूच्या, जांभळट रंगांचे चौकोनी फटकारे शेजारीशेजारी ठेवलेले असतात, आणि त्यांच्या मांडणीनंच डोंगराला वजन येतं. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या चित्रकार रझांना 1948 साली श्रीनगरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं नेमकं हेच शिकायला सांगितलं होतं: चित्राची बांधणी, आणि त्यासाठी सेझान. दोन वर्षांनी रझा पॅरिसला गेले.

15 ऑक्टोबर 1906 ला बाहेर चित्र काढत असताना सेझानला वादळानं गाठलं. कपडे धुणाऱ्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा स्टुडिओच्या बागेत, माळी व्हालिएचं चित्र पुढं न्यायला हजर. आठवडाभरात तो गेला. पुढं ही वास्तू पाडली जायची वेळ आली, तेव्हा अमेरिकेतल्या चाहत्यांनी वर्गणी काढून ती विकत घेतली आणि एक्सच्या विद्यापीठाला दिली. 1954 पासून ती लोकांना खुली झाली. त्या वर्गणीदारांचे उपकार फार मोठे आहेत.