मायक्रोबायॉलॉजी केलं, पुढे काय?

बारावीला जीवशास्त्र घेतलं, पण वैद्यकीयला नंबर लागला नाही, अशी अनेक मुलंमुली बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीकडे वळतात. नाइलाजाने घेतलेला हा विषय कित्येकांना प्रॅक्टिकलमध्ये आवडू लागतो. ग्रॅम स्टेनिंगच घ्या. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ थर, त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रॅनिन. जाड पेशीभित्तिकेचे जिवाणू जांभळे राहतात, बाकीचे गुलाबी दिसतात. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं, की जांभळेही गुलाबी होऊन बसतात! हात बसायला वेळ लागतोच.

पुढे एम.एस्सी. करता येतं. त्यानंतर संशोधनात जायचं, तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३च्या दरानुसार महिना ३७,००० रुपये आणि पीएच.डी.ची साधारण पाच वर्षं. पुण्यातच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, तिथल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे.

पण खूप जणांची पहिली नोकरी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये असते. इंजेक्शनची बॅच निर्जंतुक आहे का, हे तपासायला नमुना दोन वेगवेगळ्या माध्यमांत १४ दिवस ठेवतात आणि माध्यम गढूळ होतंय का, ते पाहत राहतात. काम बऱ्याचदा शिफ्टचं, आणि त्यातला मोठा वेळ नोंदी ठेवण्यात जातो. हे वर्गात फारसं कुणी सांगत नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जायचं असेल, तर पदवीबरोबर डीएमएलटी ही वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका केलेली बरी.