कॉरोनरचें दप्तर

नदीकांठच्या चिखलांत एक प्रेत सांपडतें. आसपास वस्ती विरळ. कापसाचीं शेतें आणि पाइनचीं रानें. न्यायालयाचें गांव घोड्यावरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मनुष्य चुकून बुडाला, कोणीं बुडविला, कीं त्यानें स्वतःच जीव दिला, हें ठरवावयाचें कोणीं? एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या दक्षिण भागांतील खेड्यापाड्यांत हें काम कॉरोनर नांवाच्या अधिकाऱ्याकडे असे. हा शब्द मुंबईकरांस परका नाहीं. १८७१ च्या कायद्यान्वयें मुंबई शहरांतही कॉरोनर असे, आणि तें पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकलें. आपल्या खेड्यांतून मात्र पोलीस आणि पंच यांचा पंचनामाच रूढ आहे. दक्षिणेंतील कॉरोनरची चौकशी ही या दोहोंच्या मधली गोष्ट होती. नांव इंग्रजी, पण काम चाले तें शेजारच्या पंचांच्या जोरावर.

हें पद फार जुनें. ११९४ सालीं पहिल्या रिचर्डच्या कारकीर्दींत तें इंग्लंडांत निर्माण झालें. कॉरोनर म्हणजे ‘क्राऊन’चा, राजाचा माणूस. मृतास न्याय मिळावा हा त्या वेळचा मुख्य हेतु नव्हता. अपमृत्यूंतून राजास मिळणारा दंड आणि जप्ती बुडूं नये, हा होता. ज्या गाडीखालीं किंवा ज्या बैलाच्या शिंगानें मनुष्य मरे, त्या गाडीची वा बैलाची किंमतही सरकारजमा होई. पुढें इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर हें पद अटलांटिक ओलांडून गेलें. अमेरिका स्वतंत्र झाली, राजा गेला. कॉरोनर मात्र राहिला.

साउथ कॅरोलायना संस्थानाच्या पश्चिम सीमेजवळ एजफील्ड नांवाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. १७८५ सालीं स्थापन झालेला हा मुलूख कापसाच्या शेतीवर जगे आणि ती शेती गुलामांच्या अंगमेहनतीवर चाले. १८६० च्या शिरगणतींत साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या ७,०३,७०८ भरली. तींतले ४,०२,४०६ जण गुलाम होते. हा आंकडा ध्यानीं ठेवल्यावांचून तेथील मरणांचे कागद वाचतां येणार नाहींत.

प्रेताची बातमी येतांच कॉरोनर हुकूम काढी आणि शेजारपाजारचे डझनभर पुरुष ज्यूरी म्हणून गोळा होत. शेतकरी, लोहार, गिरणीवाला, दुकानदार असे हे लोक. प्रेत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कौल द्यावयाचा नाहीं, हा या चौकशीचा पहिला नियम. म्हणून येथें न्यायच मृताच्या दाराशीं जाई. कधीं घराच्या ओट्यावर, कधीं गोठ्यांत, तर कधीं पुरलेलें प्रेत उकरून त्या खड्ड्याच्या कांठीं चौकशी भरे. कॉरोनर वैद्यकी शिकलेला असलाच पाहिजे असें नव्हतें. डॉक्टर जवळपास मिळाल्यास बोलावीत. तो जखमेची लांबी-खोली सांगे आणि प्रसंगीं तेथल्या तेथें शवच्छेदन करी. मग साक्षीदार शपथेवर हकीकत सांगत व ती लिहून घेतली जाई. ज्यास लिहितां येत नसे तो सहीऐवजीं फुली मारी. आपल्या जुन्या कागदांवर कुणबी नांगराची निशाणी करी, तसाच हा प्रकार.

कौलाचे प्रकार ठराविक होते: मृत्यु ईश्वरी इच्छेनें, अपघातानें, स्वतःच्या हातानें, किंवा दुसऱ्याच्या हातानें. यांपैकीं पहिला फार सोयीचा. हृदय बंद पडलें, मेंदूंत रक्तस्राव झाला, असें जें जें त्या काळीं कळत नसे, तें ईश्वराच्या खातीं जमा होई. चौथ्या प्रकारांत मारेकऱ्याचें नांव लिहितां आलें, तर त्यास पकडण्याचा हुकूम निघे. खटला पुढें निराळ्या न्यायालयांत चाले. शिक्षा देणें कॉरोनरच्या हातीं नव्हतें. कोण मेलें, कोठें, केव्हां आणि कशानें, एवढें शपथेवर लिहून ठेवणें, हेंच त्याचें काम.

जॉर्जिया विद्यापीठांतील इतिहासकार स्टीफन बेरी यांनीं साउथ कॅरोलायनाच्या कांहीं कौंट्यांचे १८०० ते १९०० पर्यंतचे असे कागद एकत्र केले आहेत. ते वाचतांना त्या समाजाचा संसारच उलगडतो. चुलीच्या ठिणगीनें सुती झगा पेटून भाजलेलीं मुलें त्यांत आहेत. ओढ्यांत बुडालेले, विजेनें मेलेले, दारूच्या नशेंत थंडीनें गारठलेले लोक आहेत. आईच्या कुशींत रात्रीं मेलेलें तान्हें मूल सांपडलें, कीं ‘झोपेंत आईच्या अंगाखालीं चेंगरलें’ असा कौल होई. अशीं कित्येक मरणें अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूचीं असावींत, असें आजचें वैद्यक म्हणतें. म्हणजे बाळ गेल्याच्या दुःखांत त्या मातांना दोषही उगीचच लागला.

मारामाऱ्या आणि खून यांचे कागदही पुष्कळ. त्या मुलुखांत अब्रूची कल्पना फार तिखट होती. शब्दाला शब्द लागला, कीं सुरा नाहीं तर पिस्तूल बाहेर येई. संस्थानाचे माजी गव्हर्नर जॉन लाइड विल्सन यांनीं तर १८३८ सालीं द्वंद्वयुद्धाच्या नियमांचें पुस्तकच छापलें. एजफील्डचेच प्रतिनिधि प्रेस्टन ब्रुक्स यांनीं २२ मे १८५६ रोजीं वॉशिंग्टनच्या सेनेटसभागृहांत शिरून गुलामगिरीविरोधी सभासद चार्ल्स समनर यांस काठीनें बेशुद्ध पडेपर्यंत मारलें. पुढें १८८० सालीं एच. व्ही. रेडफील्ड या वृत्तपत्रकारानें उत्तर व दक्षिण भागांतील खुनांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. दक्षिणेंतील प्रमाण उत्तरेच्या कित्येक पट असल्याचें त्यानें आंकड्यांनीं दाखविलें.

परंतु या दप्तराची खरी कसोटी गुलामाच्या मरणाच्या वेळीं लागे. गुलाम मेला तरी चौकशी होई. कांहीं कागदांत फटक्यांच्या वळांचें वर्णनही आहे. पण कौल देणारे पंच गोरे, आणि गोऱ्याविरुद्ध शपथेवर साक्ष देण्याचा अधिकार गुलामास नाहीं! १७४० च्या कायद्यान्वयें गुलामाच्या जाणूनबुजून केलेल्या खुनासही केवळ दंड असे. पाहणारा गोरा साक्षीदार नसल्यास धन्यानें स्वतःच्या शपथेवर सुटून जावें, अशीही त्यांत सोय होती. १८२१ सालीं अशा खुनास देहान्ताची शिक्षा ठरली. कायदा सुधारला, पंच आणि साक्षीदार यांच्याविषयींचे नियम मात्र तेच राहिले.

यादवी युद्धानंतर १८६५ सालीं गुलामगिरी संपली आणि कांहीं वर्षें चित्र पालटलें. पूर्वीं गुलाम म्हणून गाडी हांकणारा प्रिन्स रिव्हर्स युद्धांत सार्जंट झाला, नंतर संस्थानाच्या विधिमंडळांत बसला आणि हँबर्ग गांवीं न्यायाधिकारी झाला. हें गांव सव्हाना नदीच्या कांठीं असून १८७१ पर्यंत एजफील्डमध्येंच मोडे. त्या वर्षीं तें नव्या एकेन कौंटींत गेलें. ४ जुलै १८७६ रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक दिनींच, गांवच्या रस्त्यावर कवाईत करणारी कृष्णवर्णीयांची पलटण आणि गाडींतून जाणारे दोन गोरे यांच्यांत वाटेवरून तंटा झाला. ८ जुलैला हत्यारबंद गोऱ्यांचा जमाव गांवांत शिरला. पलटणीनें शस्त्रें खालीं ठेवण्याचें नाकारल्यावर तोफ आणविण्यांत आली. त्या रात्रीं सहा कृष्णवर्णीय व एक गोरा मेला. सहांपैकीं चौघांस पकडल्यानंतर एकेक बाहेर काढून गोळ्या घातल्या होत्या.

मृत्यूची चौकशी कॉरोनर म्हणून रिव्हर्स यानेंच चालविली. या खेपेस कृष्णवर्णीयांच्या साक्षी शपथेवर लिहिल्या गेल्या, आणि ज्यूरीनें चौऱ्याण्णव गोऱ्यांवर नांवानिशीं आरोप ठेवला. दप्तरानें आपलें काम चोख केलें. पण त्या चौऱ्याण्णवांपैकीं एकावरही पुढें खटला चालला नाहीं. १८७७ पर्यंत संस्थानाची सत्ता पुन्हां जुन्या पक्षाच्या हातीं गेली. शस्त्रें खालीं ठेवण्याची मागणी करणारा मॅथ्यू बटलर त्याच वर्षीं सेनेटर झाला. त्या रात्रींच्या जमावांतला बेन टिलमन १८९० सालीं गव्हर्नर निवडून आला. आपल्या या कृत्याची तो उघड फुशारकी मारी. आणि प्रिन्स रिव्हर्स? त्याचीं पदें गेलीं. तो पुन्हां गाडी हांकूं लागला आणि १८८७ सालीं मरण पावला.

१९१६ सालीं त्या ठिकाणाजवळ एक स्मारक उभारलें गेलें, तें केवळ मेलेल्या एका गोऱ्याचें. बाकीच्या सहांची आठवण जाहीर रीतीनें दगडावर कोरली जाण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. मधल्या शंभर वर्षांत त्यांचीं नांवें कोठें होतीं? चौकशीच्या कागदांत होतीं. त्या कागदांनीं एकाही मारेकऱ्यास तुरुंगांत घातलें नाहीं. कागदाच्या मागें राज्यसत्ता उभी नसेल, तर कौल कितीही खरा असला तरी तो तसाच पडून राहतो, हा एजफील्ड-हँबर्गचा धडा. पण तो लिहिलेलाच नसता, तर पुढील पिढ्यांस हातीं धरावयास कांहींच उरलें नसतें. रिव्हर्सचीं पदें त्याच्या शत्रूंना काढून घेतां आलीं. त्यानें लिहून ठेवलेलीं चौऱ्याण्णव नांवें मात्र पुसतां आलीं नाहींत.