देव्हाऱ्याशेजारचं कपाट

घरात पुस्तकांचं कपाट असलं तर त्यात काय काय असतं, सांगा पाहू! मुलांची जुनी पाठ्यपुस्तकं, चार-दोन दिवाळी अंक, लग्नात आहेर म्हणून आलेलं पाककृतींचं पुस्तक, एखादी ‘ययाति’, एखादं ‘मृत्युंजय’ आणि अगदी वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या. खरं ना? देव आहे की नाही, असं सरळ विचारणारं पुस्तक त्यात क्वचितच सापडतं. सापडलंच तर ते घरातल्या पुरुषमाणसाचं असतं, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं. आपण ते दिवाळीच्या साफसफाईत झटकलेलं असतं, उघडलेलं मात्र नसतं.

आता दुसरा प्रश्न. घरातला देवधर्म चालवतं कोण? हरतालिकेचा उपास कुणाचा? महालक्ष्म्यांसाठी सोळा भाज्या कोण निवडतं? चातुर्मासात कांदा-लसूण नको, हे लक्षात कोण ठेवतं? सगळं आपणच की! राबायचं आपण आणि देवाधर्माची चर्चा मात्र ओसरीवर, चहा घेता घेता, पुरुषांची. चहाही आपणच करून दिलेला! ज्या गोष्टीसाठी आपलं निम्मं आयुष्य जातं, तिच्या दोन्ही बाजू आपण स्वतः वाचून पाहू नयेत का?

याच विचाराने गेली पंधराएक वर्षं मी पुस्तकं जमवते आहे. आज वहीत एकशे नव्वदच्या पुढे नोंद गेली आहे. नास्तिकांची पुस्तकं आहेत, धर्माची आहेत, थोडी तत्त्वज्ञानाची आहेत, आणि अद्भुत कथा-कादंबऱ्या तर पुष्कळ आहेत. जागेअभावी कपाट देव्हाऱ्याला लागूनच आहे. पाहुणे हसतात, पण मला ती जागा आवडते.

पुस्तकं मी विषयवार लावत नाही, मुद्दाम मिसळून ठेवते. याला कारण चार्वाक. आपल्याकडचा हा सर्वांत जुना नास्तिक विचार. पण त्यांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ उरलेलेच नाहीत. त्यांची मतं आपल्याला कळतात ती बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, त्यात पहिलं प्रकरण चार्वाकांचं. पुढे खोडून काढायचं म्हणून का होईना, आधी नीट मांडलं तर खरं! म्हणजे चार्वाक जगला तो विरोधकाच्या कपाटात. म्हणून माझ्याकडे आगरकरांच्या निबंधांशेजारी विनोबांची ‘गीता प्रवचने’ असतात. (ही प्रवचनं विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) ‘ज्ञानेश्वरी’ला लागून महात्मा फुल्यांचं, त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये आलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आहे. गांधीजींच्या आत्मकथेजवळ गोरा या आंध्रातल्या नास्तिक कार्यकर्त्याचं ‘अ‍ॅन एथीस्ट विथ गांधी’ आहे. एका नास्तिकाने गांधीजींशी झालेल्या भेटी सांगाव्यात आणि ते पुस्तक १९५१ मध्ये गांधीजींच्याच नवजीवन संस्थेने छापावं, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते.

आगरकरांवरून एक सांगण्यासारखं. माणूस देव न मानणारा. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, आणि आपली मतं आगरकरांनी त्यांच्यावर लादली नाहीत. काही लोक याला त्यांचा कमकुवतपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. एका छपराखाली दोन मतं नांदवणं किती कठीण असतं, ते घर चालवणाऱ्या बाईला विचारा!

आणि हे ‘नास्तिक’ म्हणजे तरी कोण? बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, तेव्हा कळलं की जुन्या शास्त्रांत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. म्हणून जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य व मीमांसक मात्र आस्तिकांच्या पंक्तीत बसले. हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, तो किती अज्ञानाने!

बट्राँड रसेलचं १९२७ सालचं व्याख्यान ‘व्हाय आय अ‍ॅम नॉट अ ख्रिश्चन’ संग्रहात आहे. चांगलंच आहे, पण ते वाचताना ओसरीवरची चर्चा ऐकल्यासारखं वाटतं खरं. मला जास्त भिडला भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना त्यांनी तो लिहिला. तू अहंकारामुळे देव मानत नाहीस, या आरोपाला ते उत्तर होतं. हा आरोप ओळखीचा वाटतो ना? शिकलेल्या सुनेने एखादा उपास सोडला की तिलाही हेच ऐकावं लागतं.

धर्माच्या पुस्तकांत मी सर्वांत वरचा मान देते तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला. धर्मग्रंथ नव्हे, आत्मचरित्र. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण नवरा झाला म्हणून नव्हे. सोवळं-ओवळं, जातपात एकेक करून त्यांच्या मनातून कशी गळून पडली, हे त्या इतक्या हसतखेळत सांगतात की, वाचणारीला वाटावं ही आपली आत्याच बोलते आहे. धर्म बाईच्या रोजच्या जगण्यात नेमका कुठे असतो, हे त्यांच्याइतकं मला कुणी दाखवलं नाही.

आम्ही साताऱ्याचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच गावचे. त्यांची पुस्तकं माझ्याकडे आधीपासून होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या या माणसाला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच आठवड्यात घरी आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ती पुस्तकं आतल्या खोलीत हलव. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडतात.” बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. ह्यांनाही ते पटल्यासारखं दिसलं. तेवढ्यात माळ ओढत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “पोथ्या बाहेर आहेत, तर तीही बाहेर राहतील. चोरून आणलीत का?” विषय तिथेच संपला.

सासूबाई देवभक्त, घरात दत्ताची उपासना. मामंजी दर दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. पण बायकांनी गुरुचरित्र वाचू नये, असा आमच्याकडचा दंडक. तुमच्यापैकी अनेकींच्या घरीही असेल. मामंजी पहाटे भराभर पुटपुटत वाचायचे, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात नैवेद्याच्या घाईत. पन्नास वर्षं सप्ताह झाले, पण पोथीत काय आहे हे त्यांना ठाऊक नाही. मामंजी गेल्यावर ती पोथी माझ्या कपाटात आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला आणि एक दिवस त्यांनी स्वतःच पोथी मागून घेतली. रोज दुपारी एक अध्याय, सावकाश, शब्द लावून. एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे धर्म येतात, पुढे सहगमन येतं, विधवेने कसं राहावं तेही येतं. त्या दुपारी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “हे आम्हाला वाचू देत नव्हते, ते बरंच केलं म्हणायचं!”

मला वाटलं, पोथी आता परत फडक्यात जाणार. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचा अध्याय उघडला. दत्तापुढचा दिवाही लागलाच. “दत्ताने नाही लिहिलं ते, लिहिणाऱ्याने लिहिलं,” एवढंच त्या बोलल्या. दाभोलकरांची पुस्तकं त्यांनी त्यानंतर, त्याच चष्म्याने वाचली. काही पटलं, काही नाही पटलं. नाही पटलं तिथे समासात पेन्सिलीने फुली आहे. नास्तिकाचं पुस्तक बाई बिघडेल म्हणून तिच्या हाती द्यायचं नाही, आणि पोथी बाटेल म्हणून तीही द्यायची नाही. मग बाईने वाचायचं तरी काय, फक्त पाककृती?

तुम्ही म्हणाल, यात अद्भुत कादंबऱ्यांचं काय काम? अहो, अद्भुत कथेवर तर आपण वाढलो! श्रावणातल्या कहाण्या आठवा. हातात अक्षता घेऊन आपण आटपाट नगरात जातो, पण ते नगर कुठल्या तालुक्यात आहे, असं आजवर कुणी विचारलंय का? घडलेलं नाही हे मनाला ठाऊक असतं, तरी ऐकताना डोळे भरून येतात. नावडतीची कहाणी खोटी म्हणून तिचं दुःख खोटं होत नाही.

इंग्रजीतल्या अशा कथांत देवाधर्माचा झगडा फार मोकळेपणी येतो. सी. एस. लुइस तरुणपणी नास्तिक होता, १९३१ च्या सुमारास तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि मग त्याने मुलांसाठी नार्नियाच्या गोष्टी लिहिल्या. फिलिप पुलमनला त्या मुळीच आवडत नाहीत. त्याची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही मालिका थेट उलट दिशेची. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, भांडोत बिचारी. टेरी प्रॅचेटच्या ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) मध्ये तर एक बलाढ्य देव पृथ्वीवर येतो तो कासव होऊन! का? तर त्याची मंदिरं प्रचंड, पुजारी हजारो, दरारा तर विचारूच नका; पण त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला माणूस उरलाय एकच, बागेत काम करणारा एक भोळा शिकाऊ पोरगा. हसून हसून पुरेवाट होते आणि मग नवस, रांगा आणि देणगीची पाटी आठवते.

पण माझं सर्वांत लाडकं पुस्तक अर्सुला ल ग्विनचं ‘द टूम्स ऑफ अतुआन’, १९७१ सालचं. तेनार नावाची छोटी मुलगी. आधीची पुजारीण मेली त्या रात्री जन्मली म्हणून तिला आईजवळून नेतात आणि अनाम, काळोख्या शक्तींची पुजारीण करतात. पहिली गोष्ट म्हणजे तिचं नाव काढून घेतात. हे वाचताना मी थबकलेच. ताम्हनात तांदूळ पसरून अंगठीने आपलंही नवं नाव लिहिलं गेलं होतं की! पुढे एक जादूगार त्या भुयारात अडकतो आणि तो तिला तिचं मूळ नाव परत सांगतो. माझी लेक नववीत आहे. पुस्तक संपवल्यावर ती मला विचारत आली, “आई, तुझं आधीचं नाव काय होतं गं?” मी सांगितलं. पंधरा दिवस ती मला त्याच नावाने हाक मारत होती.

आणखी एक नवल म्हणजे, या कादंबरीत त्या काळोख्या शक्ती खोट्या नाहीत. त्या आहेत. फक्त त्या पूजेच्या लायकीच्या नाहीत, असं तो जादूगार तिला समजावतो. रसेल म्हणतो देव मानायला पुरावा नाही. पोथी म्हणते आहे, म्हणून हात जोड. हे तिसरंच उत्तर मला कादंबरीत सापडलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या प्लेटोच्या ‘यूथिफ्रो’ या छोट्या संवादात सॉक्रेटिस याच्याच आसपास घोटाळतो: एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली, की चांगली म्हणून देवांना आवडते? उपासाच्या दिवशी साबुदाणा भिजवताना हा प्रश्न मनात घोळवून पाहा.

असा संग्रह करायचा तर पैसे फार लागत नाहीत. रद्दीच्या दुकानात, जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर, ग्रंथप्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी पुष्कळ काही मिळतं. एकच नियम ठेवा: घ्याल ती जोडी घ्या, एक पटणारं आणि एक न पटणारं. आमच्याकडे पाऊस फार, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवते. फळ्यांवर वेखंडाच्या पुरचुंड्या आणि सुकवलेला कडुलिंबाचा पाला; कसर लागत नाही. पावसाळा संपला की पुस्तकं सावलीत वाऱ्यावर उलगडून ठेवते, कडक उन्हात नाही, पानं ठिसूळ होतात. पोथी असो की आगरकर, वाळवी दोघांनाही सोडत नाही.

आणि नेलेल्या पुस्तकांची वही ठेवाच. सध्या माझ्या वहीत तीन नोंदी उघड्या आहेत. गुरुचरित्र सासूबाईंच्या उशाशी आहे. तेनारची गोष्ट लेकीच्या मैत्रिणीकडे गेली आहे, आणि तिची आई ती आधी वाचते आहे असं कळलं. ‘स्मॉल गॉड्स’ नेलं आमच्या गल्लीतल्या गुरुजींच्या मुलाने, चार महिने झाले. गौरी-गणपतीच्या आत मागायला हवं.