मॅगव्हीलला तडा का जातो? चकाकी नंतर, आधी आतली बाजू पाहा

गोंदिया : पावसाळ्यात टायरच्या दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते. "भाऊ, टायर नवीन, पंक्चर नाही, तरी रोज सकाळी हवा कमी!" गाडीला अलॉय व्हील, म्हणजे आपल्या बोलीतले मॅगव्हील असेल, तर टायर उतरवून रिमची आतली बाजू पाहिलेली बरी. केसाएवढा तडा तिथेच लपलेला असू शकतो.

आपल्या भागात रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येतात, रस्ता उखडतो, खड्ड्यात पाणी भरते आणि खोली कळत नाही. त्यातच अनेक तरुण स्पोर्ट्स कारसारखी मोठी चाके आणि पातळ टायर बसवतात. टायर पातळ असला की खड्ड्याचा दणका थेट रिमवर बसतो. हवा कमी किंवा ओझे जास्त असेल तर आणखीच.

लोखंड चेपते, हे तडकते

लोखंडी रिम दणका बसला की चेपते. मॅगव्हील ॲल्युमिनियमचे असते, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम. सुमारे ५४० अंशांवर तापवून, झटकन थंड करून, पुन्हा १५० अंशांच्या आसपास तापवले की त्याला मजबुती येते. पण असे चाक फार वाकत नाही, तडकते. अनेकदा पहिल्या दणक्यात फक्त बारीक चीर पडते. नंतर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती ताणली जाते आणि वाढते.

रंग-पॉलिशचा काय संबंध?

पावडर कोटिंग : भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची आणि वेळ १५-२० मिनिटांची असेल तर सहसा धोका नाही. तापमान त्याहून वाढले किंवा चाक पुन्हा पुन्हा भाजले तर धातू नरम पडतो.

डायमंड कट : लेथवर वरचा थर कापतात. प्रत्येक वेळी धातू कमी होतो. वरचे पातळ लॅकर उडाले की पाणी आत शिरून पांढरे पट्टे दिसतात.

क्रोम : थर कडक असतो. तो तडकला की ओल आत जाते, फोड येतात आणि खाली धातू खाल्ला जातो.

साधे पॉलिश : वारंवार घासावे लागते, पण चीर लवकर दिसते.

म्हणजे रंग सहसा चाक फोडत नाही, पण फुटलेले चाक झाकतो. जुनी, नव्याने रंगवलेली चाके स्वस्तात मिळाली तर हे लक्षात ठेवा.

काय कराल?

- मोठा दणका बसला की टायर उतरवून आतली बाजू पाहा. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले तर हवा तिथूनच जाते.
- रंग देण्याआधी जुना रंग काढून चाक तपासून घ्या.
- नट बसतो त्या जागी जाड रंग नको, नट ढिला होतो. चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.
- तडा वेल्डिंगने भरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूची मजबुती जाते.

तडा गेलेले चाक बदलायचेच. नवे चाक महाग पडते, हे खरे. पण देवरी-कोहमारा महामार्गावर भरधाव गाडीचे चाक फुटले, तर हिशेब पैशांत होत नाही.