‘काहीतरी टॉनिक द्या’ म्हणण्याआधी

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात येणाऱ्या पालकांची सर्वांत मोठी तक्रार तापाची किंवा खोकल्याची नसते. ‘डॉक्टर, हा काही खातच नाही. खाल्लेलं अंगाला लागत नाही. काहीतरी ताकदीचं द्या,’ असे म्हणणारे आईवडील शहरात भेटतात तसे तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांची काळजी खरी असते आणि तिला एक शारीरिक कारणही असते. जन्मताना ३ किलोचे असलेले बाळ वर्षभरात साधारण ९ किलोचे होते, म्हणजे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्यात जेमतेम दोन-अडीच किलोची भर पडते. वाढीचा वेग इतका उतरला की भूकही उतरते आणि पहिल्या वर्षीचे बाळसे ओसरते. हे बहुतेक निरोगी मुलांमध्ये घडते. पण घरच्यांना ते कमतरतेसारखे दिसते आणि औषधाच्या दुकानातल्या रंगीत बाटल्या नेमक्या त्याच वेळी नजरेत भरतात. पूरक पोषण द्यावे की देऊ नये, असा सरसकट प्रश्न इथे उपयोगाचा नाही. कोणता घटक, कोणत्या वयात, किती आणि कधीपर्यंत, हे विचारायला हवे. ते विचारले जात नाही, म्हणून ज्याची खरोखर गरज आहे ते स्वस्त औषध मुलापर्यंत पोचत नाही आणि ज्याची गरज नाही ती महागडी पावडर रोज दुधात पडत राहते.

आधी गरजेचे काय ते पाहू. आईचे दूध हे पहिल्या सहा महिन्यांचे पूर्ण अन्न आहे, पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून बालरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना असलेली इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस करते. दुसरा घटक लोह. पूर्ण दिवसांचे बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येते आणि तो साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर वरच्या आहारातून लोह मिळाले नाही तर साठा रिकामा होतो. वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मलेले बाळ हा साठाच तोकडा घेऊन येते. त्यामुळे त्याला लोह सहा महिन्यांच्या कितीतरी आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा जवळपास ६९ टक्के होता आणि आधीच्या पाहणीत तो ५४ टक्क्यांच्या आसपास होता. या पाहणीत रक्त बोटातून घेतले होते, त्यामुळे आकडा फुगला, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पण २०१६-१८ मध्ये झालेल्या बालकांच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात रक्त शिरेतून घेतले होते. त्यातही एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांत रक्तक्षय आणि ३२ टक्के मुलांत लोहाची कमतरता निघाली. त्याच सर्वेक्षणात लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा शहरांत आणि गरिबांपेक्षा सधन घरांत जास्त दिसली. ‘आमच्या घरात खाण्यापिण्याला काय कमी आहे?’ असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचावा.

सधन घरात लोह का कमी पडते, याची काही कारणे स्वयंपाकघरातच सापडतात. मूल जेवत नाही म्हणून त्याला दूध दिले जाते आणि नुसते दूध पीत नाही म्हणून त्यात चॉकलेटी पावडर घातली जाते. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतेच, शिवाय त्यातले कॅल्शियम इतर अन्नातील लोह शोषू देत नाही. वर्षावरच्या मुलाने दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध घेतले तर पोट भरलेले राहते आणि वरणभात, भाजी, अंडे यांना जागा उरत नाही. लोह आणखी घटते. लोह घटले की भूक मंदावते आणि मूल जेवत नाही म्हणून पुन्हा दुधाचा पेला पुढे येतो. हे चक्र पावडरीने तुटत नाही, घट्ट होते. ते तोडण्यासाठी दूध कमी करावे लागते आणि गरज असेल तर लोहाचे औषध द्यावे लागते. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह व फोलिक ॲसिडचे सिरप देण्याची तरतूद आहे आणि ते आशा सेविकेमार्फत फुकट मिळते. शौचाचा रंग काळा झाला म्हणून घाबरून ते बंद करणारी घरे पुष्कळ आहेत. लोहाने रंग काळा होतोच, त्यात धोका नाही. मात्र हे सिरप दुधासोबत किंवा चहासोबत देऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते.

महाराष्ट्रात आणखी एका कमतरतेकडे लक्ष द्यायला हवे, ती बी-१२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतील गर्भवतींचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ कमी असल्याचे दाखवून दिले. आईच्या शरीरात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरते. केवळ अंगावर पिणाऱ्या अशा बाळाची वाढ खुंटते, ते मलूल होते, शिकलेल्या हालचाली विसरते आणि काही बाळांना कंप सुटतो. म्हणून शाकाहारी आईने बालरोगतज्ज्ञाला आपला आहारही सांगितला पाहिजे. अनेकदा पूरक औषध बाळाबरोबर आईलाही द्यावे लागते.

आता गरज नसलेल्या गोष्टी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे साडेबारा ग्रॅम प्रथिने पुरतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ७-८ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे एक अंडे आणि एक पेला दूध घेणाऱ्या मुलाची गरज वरणाच्या वाटीआधीच भागते. त्याला प्रथिनांच्या पावडरीची आवश्यकता काय? उंची वाढवण्याचे, बुद्धी तल्लख करण्याचे दावे डब्यावर मोठ्या अक्षरांत असतात आणि साखरेचा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. दोन वर्षांखालील मुलांना वरून घातलेली साखर देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. भूक वाढवणारी म्हणून दिली जाणारी काही सिरपे तर मुळात ॲलर्जीवरची औषधे आहेत. त्यांनी गुंगी येते आणि औषध थांबले की भूक पूर्ववत होते. शेजारच्या मुलाला लागू पडले म्हणून ती आणणे निव्वळ धोक्याचे आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, फायदा नाही झाला तर नुकसान तरी काय, जास्तीचे लघवीवाटे निघून जाईल. ब गटातील जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्व यांच्यापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. अ आणि ड जीवनसत्त्वे मात्र शरीरात साठतात. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांत बाटलीगणिक तीव्रता वेगळी असते आणि मोठ्यांसाठीची पुडी ६०,००० युनिटची असते. ती चुकून रोज दिली गेली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने दिला जातो. त्यात घरी आणखी भर पडते का, हे डॉक्टरांना कळायला हवे. लोहाची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. आईच्या गर्भारपणातील लोहाच्या गोळ्या चिमुकल्याने मूठभर गिळल्या तर जीवावर बेतते. थेंब आणि सिरप यांच्या तीव्रतेतही मोठा फरक असतो, त्यामुळे चमच्याचा हिशेब ड्रॉपरला लावता येत नाही. शिवाय प्रत्येक फिकट मूल लोहाअभावी फिकट नसते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे, काही समाजांत थॅलेसेमिया आहे. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साचत असते. त्याला लोहाचे टॉनिक पाजणे घातक ठरते.

दुसरा आक्षेप आजी-आजोबांचा असतो. आमची मुले बाळगुटीवर आणि उन्हावर वाढली, थेंब कुणी दिले? त्यांच्या अनुभवाचा अनादर न करता उत्तर द्यायला हवे. त्या काळात मुले अंगणात होती. आजची तान्ही मुले मजल्यावरच्या घरात वाढतात आणि काचेतून आलेल्या उन्हाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. बाळगुटीत बदाम-खारकेचे दोन-चार वेढे उगाळून जे उतरते, ते पोषण म्हणून मोजण्याइतके नसते. सहाणेवरून जंतू मात्र पोटात जाऊ शकतात. मधाचे बोट तर वर्षाआतील बाळाला अजिबात लावू नये. त्यातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. आजीचे ज्ञान सहा महिन्यांनंतर फार मोलाचे ठरते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे सत्त्व, मुगाच्या डाळीचा मऊ भात, वरून तुपाची धार, कुस्करलेले केळे, खाणाऱ्या घरात अंडे आणि मासे, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो, ते दोन मिनिटांत चिठ्ठी देतात, किंवा कंपन्यांच्या सांगण्यावरून लिहितात, ही शंकाही लोक बोलून दाखवतात. ती पूर्णपणे निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. पण तिच्यावरचा उपाय डॉक्टरांना वगळून दुकानदाराला विचारणे हा नव्हे. पालक तयारीने गेले तर तीच दोन मिनिटे कामी येतात. घरात मुलाला दिली जाणारी प्रत्येक बाटली, पुडी, डबा, आयुर्वेदिक असो वा आशाताईंनी दिलेले सिरप, सोबत न्यावे. खासगीत लिहिलेले लोह आणि सरकारी लोह एकाच मुलाला दुहेरी मिळत असल्याचे त्यावरूनच कळते. मागच्या तीन दिवसांत मुलाने काय खाल्ले, किती दूध प्यायले, ते जसेच्या तसे सांगावे. वजन-उंचीचा वाढीचा तक्ता बघायला मागावा, कारण मूल बारीक दिसते की खरोखर मागे पडते आहे, हे तक्ता सांगतो, शेजारणीचे मत नव्हे. मग विचारावे: हे औषध कोणत्या कमतरतेसाठी, मिलीत मोजून किती, किती दिवस आणि न दिल्यास काय होईल? ज्या औषधाबद्दल या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, ते विकत न घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला बाळाला नेणे होतेच. त्याच दिवशी अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो. लोहाबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल अजून विचारले नसेल, तर त्या दिवशी जरूर विचारा.