सतरा नंबरचा बोल्ट

सतरा नंबरचा बोल्ट नसतो, सतरा नंबरचा असतो तो पाना. तरी जून उजाडला की कामणच्या माझ्या हार्डवेअरच्या काउंटरवर ही मागणी रोजची. शेतावर माणसाच्या हातात पाना असतो, त्यावर आकडा कोरलेला असतो, तोच त्याच्या तोंडी बसतो. चिखलणी अर्ध्यावर, पॉवर टिलर बांधाला उभा, आणि घरातला पोरगा बाइकवरून आलेला. “ताई, सतराचा एक बोल्ट द्या, पटकन.” मी आधी विचारते, टिलर कुठला, आणि तुटलेला तुकडा आणलाय का?

हे विचारायला कारण आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या बोल्टमध्ये १७चा पाना १० मिलिमीटरच्या बोल्टला लागतो. जपानी धाटणीच्या यंत्रावर १० मिलिमीटरला १४चा पाना बसतो आणि १७चा लागतो तो १२ मिलिमीटरला. भातशेतीतले बरेच टिलर तर मूळचे जपानी वळणाचे. बंगळुरूची व्हीएसटी १९६७मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाली, केरळच्या कॅमकोचा टिलर कुबोटाच्या वळणाचा. म्हणजे ‘सतराचा’ म्हटल्यावर दोन वेगळ्या जाडीचे बोल्ट समोर येतात.

जाडी जुळली तरी आटे जुळायला हवेत. १० मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत दीड मिलिमीटर अंतर असतं, जपानी यंत्रांवर पुष्कळदा सव्वा. असा चुकीचा बोल्ट दोन आटे सरळ आत जातो आणि मग अडतो. घाईतला माणूस तिथे पान्याला पाइप लावून जोर करतो. बोल्ट गेला तर स्वस्तात सुटलं, पण बहुतेक वेळा हाउसिंगच्या आतले आटे कापले जातात. मग हाउसिंग उतरवा, टॅप मारा, आणि तोवर आवण वाट बघत बसतं. म्हणून माझं सांगणं एकच असतं: बोल्ट चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. पाना त्यानंतर.

मोजायला माझ्याकडे व्हर्नियर आणि पिच गेज आहे. घरी ते नसलं तरी शाळेतली पट्टी चालते. बोल्ट घासून स्वच्छ करायचा, एका आट्याच्या टोकापासून पुढचा दहावा आटा कुठे येतो ते बघायचं. १५ मिलिमीटर भरले तर दीडचा आटा, साडेबारा भरले तर सव्वाचा.

जुन्या मशीनचं गणित सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या भातगिरणीचं लिस्टर धाटणीचं डिझेल इंजिन आलं, की मिलिमीटर बाजूला ठेवायचे. त्याचे आटे इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये मांडलेल्या पद्धतीचे, कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्याचा ६०चा. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला अगदी ८चाच. भल्याभल्या फिटरची नजर इथे फसते, म्हणून खात्री पटली तरी चाकी फिरवून बघायची.

मापानंतर येते ताकद, आणि तिची हेळसांड पाहून मला खरोखर तळमळ वाटते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं काही लिहिलेलं असतं. पहिल्या ८चा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ओढ लागली की तो तुटेल. दुसऱ्या ८चा अर्थ, त्या ओढीच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जाणार नाही. हिशेबाने १० मिलिमीटरचा ८.८चा बोल्ट साडेचार टनांच्या पुढे ओढ सोसतो, त्याच जाडीचा ४.६चा साधा एमएस बोल्ट त्याच्या निम्मी. रोटाव्हेटरच्या पात्याला एमएसचा बोल्ट लावला तर दगडाशी पहिली गाठ पडताच पातं उडू शकतं, आणि मागे माणसं असतात. चाकीवरही आकडा असतो: ८.८च्या बोल्टला ८ची चाकी.

चिंचोटी-भिवंडी रस्त्याला गाळ्यांची कमी नाही, लेथवर हवा तसा बोल्ट वळवून मिळतो. दिसायला सुरेख. पण कारखान्यातल्या ८.८च्या बोल्टचे आटे सहसा दाबून पाडलेले असतात आणि पोलादाला उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते. गाळ्यातला सळईचा तुकडा तसा नसतो. झाकणाला, पत्र्याला खुशाल लावा. पात्याला नको.

मात्र जास्त ताकदीचा बोल्ट म्हणजे जास्त चांगला, असंही नाही. ट्रॅक्टरवर खड्डे खोदायच्या ऑगरच्या शाफ्टला एक शिअर बोल्ट असतो. तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, झाडाच्या मुळांत किंवा दगडात ऑगर अडकला की आधी तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. “सारखा तुटतो” म्हणून तिथे १०.९चा मागणाऱ्याला मी बोल्ट देत नाही. तो रागावून गेला तरी चालेल, पण गिअरबॉक्स फुटू नये.

खाडीकडची खारी हवा, त्यामुळे स्टेनलेसची मागणीही खूप. गंजत नाही हे खरं, पण बाजारात मिळणारा ए२-७० खुणेचा स्टेनलेस ७०० न्यूटनांचा, म्हणजे ८.८पेक्षा कमी.

पावसाळा सरताना गवत कापायची मशीन येऊ लागतात. त्यांच्या पात्याची चाकी बहुतेक मशीनमध्ये उलट्या आट्यांची असते. खोलायला म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावला की ती आणखी आवळली जाते. अशी चाकी घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवायची.

माझ्याकडे जे मिळत नाही त्यासाठी मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर पाठवते. जाणाऱ्याने जुना बोल्ट त्याच्याच चाकीत आणि वायसरात अडकवून न्यावा, बरोबर चिठ्ठीवर मशीनचं नाव, मॉडेल आणि बोल्ट कुठल्या जागेचा ते लिहावं. चाकी नायलॉकची असेल तर नवीनच घ्यावी. आणि शिअर बोल्ट हवा असेल, तर एकाच्या जागी चार आणावेत.